कोणतं बेलापूर?

महाराष्ट्रात बेलापूर एक नाही. नवी मुंबईतलं बेलापूर हार्बर मार्गावरच्या स्थानकामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरं प्रवरेकाठचं, अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातलं. त्यातही बेलापूर बुद्रुक वेगळं आणि बेलापूर खुर्द वेगळं. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात, बदगीच्या शेजारी, आणखी एक बेलापूर आहे. आणि दौंड–मनमाड लोहमार्गावरचं ‘बेलापूर’ स्थानक बेलापुरात नाहीच, ते श्रीरामपूर शहरात आहे. रेल्वे आली तेव्हा या भागातलं नाव असलेलं गाव बेलापूर होतं. श्रीरामपूर स्थानकाभोवती वाढलं ते पुढे.

गावकऱ्याला यात काही अडचण वाटत नाही. त्याच्या लेखी बेलापूर एकच. पण रात्री अडीच वाजता वडिलांच्या छातीत कळ आली आणि त्यानं ११२ फिरवला, की तो फोन श्रीरामपुरात वाजत नाही. राज्यभरातले ११२ चे फोन घेणारं मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे इथं आहे, जोडीचं केंद्र नागपूरला. १०८ लावला तर तो पुण्याच्या केंद्रात जातो. पलीकडे बसलेली व्यक्ती प्रशिक्षित असते आणि मराठी बोलते, पण तिनं प्रवरेचा पूल पाहिलेला नसतो. महाप्यातल्या माणसाच्या तर शेजारीच एक बेलापूर आहे. अशा वेळी “बेलापूरहून बोलतोय, लवकर गाडी पाठवा” एवढंच सांगितलं, तर आपण जवळजवळ काहीच सांगितलेलं नसतं.

म्हणून या प्रकरणातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आणीबाणीच्या फोनमधलं पहिलं वाक्य पत्त्याचं असावं. काय झालं, कुणाला झालं, कसं झालं हे नंतर. मन नेमकं उलटं धावतं. घाबरलेला माणूस घडलेला प्रसंग पहिल्यापासून सांगू लागतो. पण दहाव्या सेकंदाला रेंज गेली आणि पत्ता सांगून झालेला असला, तर निदान गाडी निघू शकते. प्रसंग सगळा सांगितला आणि पत्ता राहिला, तर कुणीच कुठेही जाऊ शकत नाही. मोबाइलच्या टॉवरवरून केंद्राला अंदाज येतो हे खरं, पण शिवारात एका टॉवरच्या कक्षेत कितीतरी वस्त्या असतात. त्या अंदाजावर कुणाचा जीव सोपवू नये.

पत्ता मोठ्याकडून लहानाकडे सांगावा: जिल्हा, तालुका, गाव, मग वस्ती. “अहिल्यानगर जिल्हा, श्रीरामपूर तालुका, बेलापूर बुद्रुक.” जिल्हा सांगितला की नवी मुंबई गळते, तालुका सांगितला की अकोले गळतं, बुद्रुक म्हटलं की खुर्द गळतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे; घाईत तोंडून अहमदनगर किंवा नुसतं नगर आलं तरी केंद्राला कळतं. त्यावर अडून बसू नये.

खरी कसोटी यापुढे आहे. या भागात निम्मं गाव गावठाणात राहत नाही, रानात राहतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, साखर कारखाने आले आणि माणसं आपापल्या मळ्यात घरं बांधून राहू लागली. तिथला पत्ता म्हणजे आडनाव आणि वस्ती. एकाच आडनावाच्या तीन-तीन वस्त्या असतात. रस्त्याला नाव नसतं, घराला नंबर नसतो, आणि दिवाळीच्या सुमारास ऊस डोक्याच्या वर गेला की शेजारच्या बांधावरून घराचा पत्राही दिसत नाही. अशा ठिकाणी अनोळखी चालकाला घर सापडावं, तर त्याला न हलणाऱ्या खुणा द्याव्या लागतात: डांबरी रस्ता कुठला, फाटा कुठला, फाट्यावर काय आहे, पाट कितवा, चारी कितवी, चारी ओलांडून डावीकडे की उजवीकडे, आणि साधारण किती अंतर. “कोल्हार रस्त्यानं या, मग कुणालाही विचारा” हे रात्री उपयोगाचं नाही. विचारायला रस्त्यावर कुणी नसतं. महावितरणच्या रोहित्रावर किंवा खांबावर क्रमांक असेल तर तो लिहून ठेवावा. वायरमनला त्यावरून जागा ओळखता येते आणि विजेच्या अपघातात तोच सगळ्यांत कामाचा पत्ता ठरतो.

हे सगळं ऐन वेळी सुचत नाही. आजच शांतपणे एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावं: वर जिल्हा-तालुका-गाव, खाली वस्तीपर्यंतची वाट, त्याखाली जवळच्या दोन शेजाऱ्यांचे फोन. घरी एकटी असलेली आजी, शाळेतला नातू, नवा सालगडी, कुणीही तो कागद फोनवर जसाच्या तसा वाचू शकेल. ऊसतोडीला आलेल्या टोळीच्या मुकादमालाही त्याची एक प्रत द्यावी. कोप्यांवर राहणारी ती माणसं सहा महिने या मातीत राबतात, पण आपण कुठल्या शिवारात आहोत हे त्यांच्यापैकी अनेकांना सांगता येत नाही. बाळंतपण आणि सर्पदंश त्यांच्याही वाट्याला येतात.

आणि फोन ठेवला, की एक माणूस दुचाकीवर फाट्यावर उभा करावा, हातात चालू बॅटरी देऊन. चालकाच्या शोधाशोधीत जाणारी दहा मिनिटं वाचवण्याचा याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

आता क्रमांकांकडे. पूर्वी पोलिसांना १००, अग्निशमनाला १०१ आणि रुग्णवाहिकेला आणखी वेगळा, असे तुकडे होते. ११२ हा त्या सगळ्यांना जोडणारा एकच क्रमांक, महाराष्ट्रात २०२१ पासून सुरू आहे. भांडण, चोरी, मारहाण, बाईवर किंवा मुलावर हल्ला, आग, अपघात, काहीही असो, दुसरं काही आठवलं नाही तर ११२. १०८ ही राज्याची आपत्कालीन वैद्यकीय सेवा. २६ जानेवारी २०१४ रोजी ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ गाड्यांमध्ये प्रगत जीवरक्षक सामग्री होती, उरलेल्या ७०४ मध्ये प्राथमिक. गाडीबरोबर डॉक्टर येणार, हे या सेवेचं वैशिष्ट्य. १०२ गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी. गरोदर बाई असलेल्या घरात हा आकडा आशाताईंच्या नंबरशेजारी लिहिलेला असावा. गॅस सिलिंडर गळत असेल तर १९०६, पण घराबाहेर आल्यावर आणि आतलं एकही बटण न दाबता. ऑनलाइन पैसे लुटले गेले तर १९३०, आणि तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता आले तरच मिळतात. रेल्वेत १३९. संकटातल्या मुलासाठी १०९८. उसात किंवा गोठ्याजवळ बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६. बिबट्या पाहायला गर्दी जमवणं हा त्या प्राण्याला माणसावर चाल करायला लावण्याचा हमखास मार्ग आहे.

एकच क्रमांक का हवा, याची गोष्ट १९३५ सालच्या लंडनमधली आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. समोरच्या माणसानं फोन उचलला, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन इतर फोनांच्या रांगेतच अडकून राहिला. पाच स्त्रिया गेल्या. त्यावर उठलेल्या ओरड्यातून ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला, जगातला पहिला असा क्रमांक. अमेरिकेत ९११ वरचा पहिला फोन १९६८ मध्ये लागला. आपल्याकडे १०८ ची सुरुवात हैदराबादेतून, १५ ऑगस्ट २००५ रोजी झाली. अडचणीतल्या माणसाला रांगेत थांबवायचं नाही, एवढीच या सगळ्यामागची कल्पना.

फोन करायचा कसा हे तुलनेनं सोपं आहे. करायचा केव्हा, इथं माणसं अडतात. मराठी घरात दोन वाक्यं फार घात करतात: “गॅस झाला असेल” आणि “सकाळी बघू”. छातीच्या मध्यावर दाब, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातोय, सोबत दरदरून घाम, असं असेल तर सोडा पाजून वाट पाहू नये. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत दुखेलच असंही नाही. नुसती धाप, घाम आणि एकाएकी आलेला थकवाही पुरेसा आहे. बोलता बोलता तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर उचलेना, शब्द अडखळू लागले, तर तो पक्षाघाताचा झटका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून लक्षण पहिल्यांदा दिसलं ती वेळ घड्याळात पाहून सांगावी. बेशुद्धी, श्वासाचा त्रास, न थांबणारं रक्त, मोठं भाजणं, विष किंवा कीटकनाशक पोटात जाणं, न थांबणारी फिट, गरोदर बाईला रक्तस्राव: यांतलं काहीही दिसलं तर कुणाची परवानगी न विचारता फोन करावा. घरातला कर्ता पुरुष गावाला गेलाय म्हणून सून फोन करायची थांबली, असं होता कामा नये. उलट दोन दिवसांचा ताप, जुनं गुडघेदुखीचं औषध संपलं, यासाठी १०८ बोलावू नये. ती गाडी त्या वेळी दुसऱ्या कुणाचा श्वास असू शकते.

सर्पदंशावर थोडं थांबायला हवं, कारण ऊस, उंदीर आणि साप यांची सोबत या शिवाराला कायमची आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप महाराष्ट्रात मुख्य. घोणस चावली की आग होते, सूज चढते, माणूस धावाधाव करतो. मण्यारीचं उलट. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात, गिळता येत नाही, असं कुणी म्हणालं, तर साप पाहिला नसला तरी सर्पदंश गृहीत धरून निघावं. चावलेला भाग हलवू नये, अंगठी-बांगडी-जोडवी काढावी, आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. साप मारायच्या किंवा पकडायच्या मागे लागू नये. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस चारही सापांवर चालते, त्यामुळे डॉक्टरला साप दाखवावा लागत नाही. मंदिरात किंवा मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला तास परत येत नाही. फोनवर “साप चावलाय” असं स्पष्ट सांगून लस आणि कृत्रिम श्वासाची सोय कुठे आहे ते विचारावं. जवळचं रुग्णालय आणि उपयोगाचं रुग्णालय दर वेळी एकच नसतं.

गाडीची वाट पाहावी की आपली जीप काढावी, हा प्रश्न वस्तीवर दर वेळी पडतो. माझं मत असं: १०८ ला फोन दोन्ही वेळेला करावा. गाडी किती लांब आहे हे त्यांना विचारता येतं, आणि आपण निघालो तर कुठे जावं हेही. पण उंचावरून पडलेला, ट्रॅक्टरखाली सापडलेला, मानेला मार लागलेला माणूस आपल्या हातानं उचलून जीपमध्ये कोंबू नये. त्याच्या मणक्याचं उरलेलं बळ त्या उचलण्यात जाऊ शकतं. जागेवर आग किंवा दुसरा धोका असेल तरच हलवावं.

माणूस बेशुद्ध आहे आणि नीट श्वास घेत नाही, असं असेल तर फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवावा आणि छाती दाबायला लागावं: छातीच्या मधोमध, दोन्ही तळवे एकावर एक, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत हाती येईपर्यंत. हृदय थांबल्यावर मेंदूची हानी चारेक मिनिटांतच सुरू होते. तेवढ्यात कुठलीही गाडी वस्तीवर पोचणार नाही. तिथं पोचलेले आपणच असतो.

मात्र ‘आपणच’ म्हणून काहीही करायचं नसतं. नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, बायोगॅसचं शेण साठवलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. सहा जण उतरले आणि पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर होता. शेण कुजताना तयार होणारे वायू अशा जागी तळाशी साठतात आणि प्राणवायू उरत नाही. एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. दुसऱ्यानं उतरणं ही माया होती, भ्याडपणाच्या अगदी उलट. म्हणूनच हे आधी माहीत असायला हवं. विहीर, शेणखड्डा, शौचालयाची टाकी, धान्याचं बंद कोठार, कुठेही आत गेलेला माणूस एकाएकी गप्प झाला तर दुसऱ्यानं उतरायचं नाही. ११२ ला सांगायचं: “विहिरीत माणूस बेशुद्ध आहे, आत विषारी वायू आहे.” ‘वायू’ हा शब्द महत्त्वाचा. त्यावरून येणाऱ्यांना श्वासाची साधनं घेऊन निघायला हवं हे कळतं.

पाण्याचंही तसंच. अकोले तालुक्यात सुगाव इथं, याच प्रवरेत, २२ मे २०२४ रोजी दोन तरुण बुडाले. शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. दुसऱ्या दिवशी तिची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. पोहण्यात आणि बचावात तयार झालेल्या माणसांना नदी अशी ओढून नेते, तर काठावरून उडी टाकणाऱ्याचं काय होईल? दोर, बांबू, हवा भरलेली ट्यूब, पिण्याच्या पाण्याचा रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते फेकावं. आत जाऊ नये. आणि फोन पहिल्या मिनिटाला करावा, कारण खास तुकडी धुळ्यासारख्या लांबच्या ठिकाणाहून निघते. तासभर गावानं शोधून मग कळवलं तर तो तास तिच्या प्रवासात वाढतो. वरच्या धरणांतून पाणी सोडलंय का, हेही सांगावं.

उसाला आग लागली तर बंब नगरपालिकेकडून किंवा एखाद्या साखर कारखान्याकडून येतो. लोंबणाऱ्या तारांमुळे आग लागली असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याशिवाय पाणी मारता येत नाही, म्हणून बंबाबरोबरच महावितरणला फोन गेला पाहिजे. दोन माणसांनी दोन फोन एकाच वेळी करावेत.

रात्रीच्या दरोड्याच्या भीतीनं या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी पोलिसांच्या पुढाकारानं ग्रामसुरक्षा यंत्रणा स्वीकारली आहे. आधी नोंदवलेल्या मोबाइलवरून १८००२७०३६०० हा टोल-फ्री क्रमांक लावून निरोप सांगितला, की त्याच आवाजात तो गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर एकदम पोचतो. चोर, आग, पूर, हरवलेलं मूल, बिबट्या, कशासाठीही. मला ही कल्पना मनापासून पटते, कारण पोलीस येईपर्यंत शेजारी येतो. पण नोंदणी आधी व्हावी लागते. ग्रामसभेत विचारावं, आपला नंबर त्यात आहे का, वस्तीवरच्या नव्या सुनेचा आहे का.

बोलता येत नसेल तेव्हा काय? भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये २०१७ पासून पॅनिक बटणाची सोय बंधनकारक आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंदचं बटण भराभर दाबायचं. तुमच्या फोनवर ते नेमकं कसं चालतं, हे सेटिंगमध्ये बघून ठेवावं. प्रयोग म्हणून खरा फोन लावू नये. चुकून लागलाच तर घाबरून कापू नये, “चुकून लागला, सगळं ठीक आहे” असं सांगावं. नाहीतर ते उलटून फोन करत बसतात.

रस्त्यावर पडलेला अनोळखी माणूस पाहून पुढे निघून जाणाऱ्यांच्या मनात बहुधा कोर्टकचेरीचं भय असतं. ते आता खरं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्यानं नाव सांगितलंच पाहिजे असं नाही आणि साक्षीदार होण्याची सक्तीही नाही. पोलिसांचा कागद नाही म्हणून डॉक्टरनं उपचार अडवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीला रात्री दुचाकी धडकते. अशा वेळी ११२ ला जागा सांगताना रस्त्याचं नाव, जवळचा किलोमीटरचा दगड आणि गाडी कुठल्या दिशेला तोंड करून आहे एवढं सांगावं. मग आपली गाडी दिवे चालू ठेवून मागे बऱ्याच अंतरावर उभी करावी, म्हणजे तिसरं वाहन येऊन आदळणार नाही.

पलीकडची व्यक्ती प्रश्न विचारत राहिली तर चिडू नये. “आधी गाडी पाठवा, प्रश्न नंतर” असं अनेकदा ऐकू येतं. वास्तविक पत्ता कळताच गाडीच्या हालचालीला सुरुवात होते आणि श्वास चालू आहे का, शुद्ध आहे का, वय किती, हे प्रश्न डॉक्टरची तयारी व्हावी म्हणून असतात. त्यांनी ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नये आणि त्यानंतर तो नंबर मोकळा ठेवावा. चालक त्याच नंबरवर वाट विचारतो, आणि नेमका तेव्हा मुंबईच्या आत्याला बातमी सांगण्यात तो फोन गुंतलेला असतो. पाहुण्यांना कळवायला दुसऱ्याचा फोन घ्यावा.

रुग्ण दुसऱ्या वाहनानं गेला, शुद्धीवर येऊन उठून बसला किंवा दगावला, तर १०८ ला पुन्हा फोन करून तसं सांगावं. आपल्याकडे निघालेली गाडी वाटेतूनच वळून पढेगावला, टाकळीभानला किंवा आणखी कुठे जाऊ शकते.